सँपल आणलंय का? घरातल्या वस्तूंचे सुटे भाग कसे शोधायचे

सुट्या भागांच्या दुकानात गेलं की काउंटरपलीकडचा माणूस हमखास विचारतो, "सँपल आणलंय का?" मिक्सर कुठल्या कंपनीचा, किती वर्षं झाली, कसा आवाज येतो, हे सगळं सांगून झालं तरी त्याचा प्रश्न तोच. त्याला यंत्राची हकिकत नको असते, मोडलेला भाग बघायचा असतो.

घरी दुरुस्ती करायला नव्यानं हात घालणारे बहुतेक जण इथेच अडकतात. खोलणं जमतं, बिघाडही सापडतो, पण नेमका भाग हातात पडेपर्यंत बाजाराच्या फेऱ्या संपत नाहीत. बेसिनच्या नळाच्या एका स्पिंडलसाठी (मुठीखालचा, नळ उघडबंद करणारा दांडा) मी स्वतः चार फेऱ्या मारल्या आहेत. चारही वेळा दुकानदाराला नळाची कंपनी सांगितली, माप एकदाही नेलं नाही. पाचव्यांदा जुना स्पिंडल पिशवीत टाकून नेला आणि दोन मिनिटांत काम झालं. तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली. तीच इथे क्रमानं सांगतो.

आधी ठरवा: उघडायचं की नाही

काही वस्तू घरी उघडू नयेत, आणि यात सूट नाही. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा भार धरून बसतो. गॅसचा रेग्युलेटर बदलून मिळतो तो वितरकाकडे, तो खोलायचा नसतो. फ्रिजच्या गॅसच्या नळ्यांनाही हात लावू नये. आजकालच्या अनेक घरगुती फ्रिजमध्ये भरलेला वायू पेट घेणारा असतो. फ्रिजच्या दाराचं रबर किंवा आतला दिवा बदलायला मात्र काहीच हरकत नाही.

वस्तू वॉरंटीत असेल तर स्टिकरचं सील फोडण्याआधी बिल शोधा. सील तुटलं की फुकट मिळणारा भागही बऱ्याचदा विकत घ्यावा लागतो.

विजेच्या वस्तूचा प्लग काढा. पंख्यासारखी कायम जोडलेली वस्तू असेल तर भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका, मुख्य बोर्डावरचा एमसीबी स्विच पाडा. जुन्या घरांत बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं सापडतं. म्हणजे बटण बंद, तरी पंख्यापर्यंत करंट आहेच.

बिघाड नक्की कुठला?

भाग आणायला निघण्याआधी तो खरंच गेलाय ना, हे बघा. मिक्सर अचानक बंद पडला तर तळाशी लाल किंवा काळं छोटं बटण असतं, ते ओव्हरलोडचं. थोडा वेळ थंड होऊ द्या, बटण दाबा. निम्म्या वेळा मिक्सर तिथेच चालू होतो. मोटर सुसाट फिरते पण भांड्यातलं पातं हलत नाही, याचा अर्थ मोटर धडधाकट आहे आणि कपलरचे, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणाऱ्या चकतीचे, दाते झिजलेत. आत ठिणग्या दिसतात, जळका वास येतो, थापटलं की चालू होतो, तर कार्बनकडे, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या ब्रशांकडे, बघा. भांड्याखाली काळपट तेलकट ओघळ दिसला तर भांड्याचा बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) गेलाय.

पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, काठीनं ढकलला की फिरू लागतो, किंवा पाचवर ठेवूनही दोनवर असल्यासारखा चालतो: कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर. फिरताना खरखर येते आणि बंद केल्यावर पटकन थांबतो: बेअरिंग.

मल्टिमीटर असेल तर उत्तम. नसेल तरी कान, नाक आणि डोळे यांवर बरंच निभतं.

भागांच्या दोन जाती

ही गोष्ट मला कोणी सुरुवातीलाच सांगायला हवी होती. काही भाग त्या यंत्राचे असतात. मिक्सरचं भांडं, कुकरची रिंग, वॉशिंग मशीनचा बोर्ड, फ्रिजच्या दाराचं रबर हे त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे लागतात. दुसऱ्या भागांना मात्र यंत्राशी काही देणंघेणं नसतं. बेअरिंग, कंडेन्सर, ऑइल सील (दांड्याभोवती तेल-पाणी अडवणारी रबरी रिंग), ओ-रिंग, पट्टा, नटबोल्ट, नळाचे आटे, स्विच हे मापावर बनतात आणि मापावर विकले जातात. तुमच्या पंख्यातलं बेअरिंग पंख्याच्या कंपनीनं बनवलेलं नसतं, तिनंही ते बाजारातूनच घेतलेलं असतं.

म्हणून भाग हातात आला की पहिला प्रश्न हा: याच्यावर स्वतःचा नंबर आहे का? असेल तर यंत्राचं नाव विसरा. नसेल तर यंत्राचा मॉडेल नंबर शोधा. मिक्सरचा तळाशी असतो. फ्रिजचा बहुधा आतल्या भिंतीवर, भाज्यांच्या कप्प्याच्या आसपास. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा दार उघडल्यावर कडेला, वरून उघडणाऱ्याचा पाठीमागे. कुकरच्या बाबतीत कंपनी, लिटर आणि झाकण आतून बसतं की बाहेरून, या तीन गोष्टी लागतात. स्टिकरचा फोटो आजच काढून ठेवा. मशीन बिघडून पाणी सांडलेलं असताना ते भिंतीपासून ओढून स्टिकर वाचणं फार त्रासाचं होतं.

खोलताना

प्रत्येक स्क्रू काढण्याआधी एक फोटो. वायरींचे रंग दिसतील असा दुसरा. स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं जुन्या अंड्यांच्या ट्रेमध्ये किंवा गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत ठेवा, कारण लांब स्क्रू चुकून आखूड स्क्रूच्या जागी गेला तर आतली वायर चिरडतो.

मिक्सरचा कपलर आणि टेबल फॅनचं पातं यांवर बरेच जण जोर लावतात, तोही चुकीच्या बाजूला. इथे आटे उलटे असू शकतात. एक नियम लक्षात ठेवला की गोंधळ होत नाही: मोटर चालू असताना भाग ज्या दिशेनं फिरतो, त्याच दिशेनं तो हातानं फिरवला की सुटतो. चालताना पडणारा भार त्याला विरुद्ध बाजूला ओढत असतो, म्हणजे सतत घट्टच करत असतो. तसं नसतं तर वापरता वापरता कपलर उडून गेला असता. मोटरचा दांडा खालून पक्कडीनं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं अडवून धरा आणि कपलर फडक्यात धरून फिरवा.

मापं: इथे वेळ द्या

व्हर्नियर कॅलिपर घ्या. प्लास्टिकचाही चालेल. शाळेच्या पट्टीनं बेअरिंग मोजता येत नाही, आणि एक मिलिमीटरची चूक म्हणजे आणखी एक फेरी.

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. तेल पुसून, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वाचा. छताच्या पंख्यात बहुधा ६२०१ आणि ६२०२ सापडतात, वर एक आणि खाली एक. या आकड्यांची भाषा सोपी आहे. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचं माप सांगतात: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढे पाचानं गुणायचं, म्हणजे ०४ चं २०, ०५ चं २५. नंबर पुसट झाला असला तरी मापावरून तो ओळखता येतो. आतलं १२, बाहेरचं ३२, जाडी १०, तर ६२०१. आतलं १५, बाहेरचं ३५, जाडी ११, तर ६२०२. नंबरानंतर 'झेडझेड' असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, 'टूआरएस' असेल तर रबराची. पाण्याजवळच्या यंत्राला रबराचं घ्या. दुकानात "पंख्याचं बेअरिंग द्या" म्हणण्याऐवजी "६२०२ झेडझेड, दोन" म्हणा. समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलू लागतो.

ऑइल सीलवरही असेच तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. २५-४७-७ असं वाचलं की तेवढंच सांगायचं. दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानातही अशी सीलं ठेवलेली असतात.

पंख्याच्या कंडेन्सरवर मायक्रोफॅरडचा आकडा असतो, बहुधा २.५ किंवा ३.१५, आणि व्होल्टेज, बहुधा ४४० एसी. मायक्रोफॅरड तोच हवा. व्होल्टेज जास्त चालेल, कमी नाही. पंखा जोरात फिरावा म्हणून २.५ च्या जागी मोठा कंडेन्सर लावण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका, वाइंडिंग (मोटरमधली तारांची गुंडाळी) तापतं आणि पंखाच जातो. साध्या दोन वायरींच्या कंडेन्सरला उलटंसुलटं नसतं. काढलेल्या कंडेन्सरची दोन्ही टोकं मात्र एकदम हातात धरू नका. इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरनं ती आधी एकमेकांना टेकवून कंडेन्सर रिकामा करा. रिमोटवर चालणारा बीएलडीसी पंखा असेल तर हे सगळं लागू नाही. त्यात बोर्ड असतो, आणि तो कंपनीकडूनच मागवावा लागतो.

नळाच्या मापात नवख्यांची हमखास फसगत होते. "अर्धा इंची" नळाचे आटे बाहेरून मोजले तर ते १२.७ मिलिमीटर भरत नाहीत, जवळपास २१ भरतात. पाऊण इंचीचे साधारण २६.४. हे नाव जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलं आणि पाइप बदलले तरी तसंच राहिलं. तेव्हा २१ मोजलं तर मागताना अर्धा इंचच मागायचा. स्पिंडलच्या बाबतीत चार गोष्टी जुळाव्या लागतात: खालच्या आट्यांचा व्यास, एकूण उंची, वर जिथे मूठ बसते तिथल्या दात्यांची संख्या, आणि तो पाव फेऱ्यात उघडतो की अनेक फेऱ्यांत. दाते मोजताना एका दात्यावर मार्करचा ठिपका द्या, नाहीतर मोजणी चुकते. पाव फेऱ्याच्या नळात गरम आणि थंड बाजूंचे स्पिंडल उलटसुलट उघडणारे असू शकतात, म्हणून तो कुठल्या बाजूचा, हेही लिहा. जुन्या फेऱ्यांच्या नळाला मात्र आधी तळाचा वायसर बदलून बघा. काही रुपयांत काम होतं, नवा स्पिंडल लागतच नाही.

कार्बनची जाडी आणि रुंदी मोजा. लांबी मोजून उपयोग नाही, ती झिजलेलीच असते. दोन्ही कार्बन एकदम बदला, आणि नवे बसवल्यावर मिक्सर भांड्याशिवाय मिनिटभर थांबत थांबत चालवा म्हणजे ते गोलाईला बसतात. कपलरचे दाते मोजा, दांड्याचा व्यास घ्या. भांड्याखालचा जोडीदार कपलरही बघा. तो झिजलेला तसाच राहिला तर नवा कपलरही लवकर खातो.

पट्ट्याच्या पाठीवर छापलेला नंबर हेच त्याचं माप. तुटलेला पट्टाही जपून ठेवा. नंबर गेला असेल तर तुकडे जोडून लांबी मोजता येते.

कुकरच्या बाबतीत माझा हट्ट आहे. रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे, त्याच मापाचे, बंद पाकिटातलेच घ्या. आतलं पाणी संपून कुकर तापला की सेफ्टी व्हॉल्व्हमधला मऊ धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. हाच त्याचा उपयोग. त्या जागी कुणी स्क्रू किंवा एम-सील लावून दिलेलं मी पाहिलंय. तसा कुकर चुलीवर ठेवू नका, कुणाच्याही घरी दिसला तर सांगा. शेगडीच्या नळीचंही तसंच. आयएसआय खुणेची सुरक्षा नळी घ्या, आणि पाच वर्षं झाली की ती चांगली दिसत असली तरी बदला.

मागायचं कुठे

मुंबईत इलेक्ट्रॉनिक भागांसाठी लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव दिसेल, स्टेशन ग्रँट रोड. विजेच्या सामानासाठी लोहार चाळ. बेअरिंग, पट्टे आणि हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, हार्डवेअरसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, आणि कुठेच न मिळणाऱ्या वस्तूंसाठी जुना बाजार, जो रविवारी आणि बुधवारी भरतो. या ठिकाणी सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या जा. गर्दीच्या वेळी खोकी उघडून मापं जुळवत बसायला कुणाला सवड नसते.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी मोठ्या शहराची वाट धरण्याआधी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात डोकवावं. शेतातल्या पंपांमुळे असं दुकान बहुतेक तालुक्यांत असतं. कंडेन्सर, बेअरिंग, कार्बन, बुश सगळं तिथे असतं, आणि भाग हातात घेऊन "हा नाही, पलीकडचा गेलाय" असं सांगणारा माणूसही. त्या माणसाची ओळख ठेवा.

मागताना नावाची घासाघीस होऊ शकते. तुम्ही कपॅसिटर म्हणाल, तो कंडेन्सर म्हणेल. तुम्ही गॅस्केट म्हणाल, तो रिंग म्हणेल. त्यात अडकू नका, भाग पुढे करा. मग भाव विचारताना "कंपनीचा आणि लोकल, दोन्ही दाखवा" असं म्हणा. कपलर किंवा मूठ लोकल घेतली तरी फार बिघडत नाही. कंडेन्सर, गीझरचा थर्मोस्टॅट, इस्त्रीची वायर यांत पैसे वाचवू नका. आणि विचारा, "बसला नाही तर परत घ्याल का?" बहुतेक दुकानदार घेतात, फक्त भागाला तेलाचा डाग किंवा आट्यांना टेफ्लॉन टेप लागलेली चालत नाही.

ऑनलाइन शोधताना हा क्रम ठेवा. आधी भागावरचा नंबर टाका, तो नसेल तर यंत्राचा मॉडेल नंबर आणि भागाचं नाव, तेही चाललं नाही तर मापं. "अमुक कंपनीसाठी योग्य" असं लिहिलेलं असेल तर तो भाग त्या कंपनीनं बनवलेला नाही, एवढं समजून घ्या. वाईटच असेल असं नाही, पण भाव त्या हिशेबानं द्या. वर्णनात मापं नसतील तर विक्रेत्याला विचारा. फोटोवरून आकार कळतो, माप कळत नाही. वॉशिंग मशीनचे बोर्ड एकाच मॉडेलमध्येही दोन-तीन तऱ्हांचे निघतात, तेव्हा बोर्डवरच्या स्टिकरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला तरच मागवा.

कंपनी भाग द्यायला तयार नसेल, "आता नवीनच घ्या" म्हणत असेल, तर तेवढ्यावर थांबू नका. मॉडेल नंबर आणि भागाचं नाव लिहून ईमेल करा, उत्तर लेखी घ्या. केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यावर सामील झालेल्या कंपन्यांची दुरुस्तीची पुस्तिका, सेवा केंद्रं आणि सुट्या भागांची माहिती मिळते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

मिळालाच नाही तर

भंगारवाल्याकडे जा. बंद पडलेल्या त्याच मॉडेलच्या मिक्सरमधून भांड्याचं हँडल, बटणं, तळाचे रबरी पाय अगदी स्वस्तात मिळतात. ओळखीच्यांत विचारा. माळ्यावर ठेवलेला जुना पंखा कुणाकडे तरी असतोच, आणि त्यातलं काहीतरी तुमच्या कामाचं निघतं. विजेचा भार सहन करणारे भाग मात्र असे जुने वापरू नका.

पितळी बुश, झिजलेली पिन, तुटलेला दांडा लेथवाला करून देतो. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर तर अशाच कारागिरीवर उभं आहे. तुमच्या गावच्या औद्योगिक वसाहतीतही एखादा लेथ सापडेल. त्याच्याकडे तुटलेला भाग आणि तो ज्यात बसतो तो भाग, दोन्ही न्या. नुसता झिजलेला तुकडा दिलात तर तो झिजलेल्याच मापाचा नवा बनवून देईल.

बसवल्यानंतर

नवा भाग जुन्याशेजारी ठेवून बघा: उंची, भोकं, आटे, वायरींची टोकं. जुळत नसेल तर ठोकून बसवू नका. बेअरिंग ठोकावंच लागलं तर जी कडा घट्ट बसणार तिच्यावरच ठोका. दांड्यावर चढवताना आतल्या कडेवर, खोबणीत बसवताना बाहेरच्या. उलट केलंत तर गोळ्यांवर मार बसतो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करू लागतं.

जुना भाग लगेच फेकू नका. नवा आठवडाभर नीट चालला की मगच टाका, तोवर पुढच्या फेरीचं सँपल तोच आहे. यंत्राच्या तळाला मार्करनं भागाचा नंबर आणि तारीख लिहा. माझ्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरखाली अशा तीन ओळी आहेत, आणि परवा शेजारच्या काकूंच्या त्याच मॉडेलच्या मिक्सरसाठी कार्बन आणायला गेलो तेव्हा त्यातली मधली ओळच कागदावर उतरवून नेली.